साठ व पुढे

माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला सगळ्यांत आधी दार वाजवलं ते नानांनी. मी कणीक मळत होते. तशाच हातांनी कडी काढली, तर नाना पायरीवर उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चेहरा असा, की मला वाटलं गल्लीत कोणीतरी गेलं.

“ताई, आज तुमचा गट बदलला.”

“कसला गट?”

“कालपर्यंत तुम्ही तीस ते चव्वेचाळीस होतात. आजपासून पंचेचाळीस ते एकोणसाठ. सांभाळा. या गटात आल्यावर माणसं बसायला लागतात.”

एवढं बोलून ते वळले आणि फाटक लावून निघूनही गेले. शुभेच्छा नाहीत, काही नाही. मी आपली पिठाचे हात घेऊन दारात. आतून आमचे हे पेपराच्या मागून खो-खो हसत होते. ते स्वतः त्या गटात केव्हाचेच आहेत आणि आल्या दिवसापासून सोफ्यावर बसलेले आहेत, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तर हे आमचे शेजारी नाना. जळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. अख्खी नोकरी आरोग्य खात्यात, आकडेवारीच्या टेबलावर गेली. आधी धुळ्याला, मग इथे. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं. लोक किती हलतात याची माहिती. गावोगाव जायचं, घरोघरी विचारायचं आणि वयाप्रमाणे तक्ते लावायचे. नोकरी संपली, टेबल सुटलं, पण डोक्यातला तक्ता काही सुटला नाही. नानांना माणूस दिसतच नाही हो. त्यांना गट दिसतो.

“ताई, मघाशी तुमच्याकडे एक पंधरा ते एकोणतीस आलं होतं, पार्सल घेऊन.” असं ते सांगतात. लग्नाच्या पंगतीत बसले की म्हणतात, “या रांगेला सगळे तीस ते चव्वेचाळीस दिसताहेत, वाढपी दमणार.” एकदा कोणाच्या तरी बारशाला गेले आणि पाळण्यात वाकून बघून हताश होऊन म्हणाले, “याला अजून गटच नाही.” बाळाची आजी नंतर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. मी काय केलं होतं? पण नानांची शेजारीण म्हणून त्यांचं सगळं माझ्याच माथी.

त्यांचे रकाने तीन. जोरदार, मध्यम आणि बैठं. मी एकदा विचारायची चूक केली, तर म्हणाले, “सोपं आहे. जोरदार म्हणजे दम लागतो आणि बोलता येत नाही. मध्यम म्हणजे दम लागतो पण बोलता येतं. बैठं म्हणजे नुसतंच बोलता येतं.” हे सांगताना त्यांनी आमच्या सोफ्याकडे पाहिलं. सोफ्याने पेपर वर धरला.

मी घरी ब्लाऊज शिवते. आधी माझं मशीन पायाचं होतं, तेव्हा नाना येता-जाता खिडकीतून समाधानाने मान हलवायचे. “मध्यम,” असं पुटपुटायचे. मी आपली समजत होते की माझ्या शिलाईला मध्यम म्हणताहेत, म्हणून मनातून चिडलेले. मग गुडघे दुखायला लागले आणि मी मशीनला मोटर बसवून घेतली. नानांना आवाज ऐकू आला. खिडकीपाशी आले, पायडलवर नुसता टेकवलेला माझा पाय पाहिला आणि म्हणाले, “ताई, तुम्हीपण?” अगंबाई, जसं काही मी माहेरचे दागिने मोडले!

सकाळी ते तलावाकडे फिरायला जायचे, तिथेही तेच. लोक गाडीतून यायचे, गाडी झाडाखाली लावायचे, एक चक्कर मारायचे आणि शेवपोहे खाऊन गाडीतून परत. नाना त्यांना गाठायचे. “साहेब, चालायला आलात हे ठीक. पण चालायच्या जागेपर्यंत बसून आलात, ते कुठे धरू?” साहेबलोक दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या फाटकाने यायला लागले.

पण नाना स्वतःसुद्धा गोंधळलेलेच होते बरं का. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर माहिती घ्यायला गेले होते, ती गोष्ट ते वारंवार सांगायचे. एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी, काखेला पोर अशी उतारावरून येत होती. नानांनी तिला थांबवलं आणि छापील प्रश्न विचारला, “फुरसतीच्या वेळात व्यायाम करता का?” बाई म्हणाली, “फुरसत म्हणजे?” नानांनी समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता मोळी तशीच डोक्यावर घेऊन उभी. सगळं ऐकून म्हणाली, “नाही. तसलं काही नाही करत.” नानांनी व्यायामापुढे ‘नाही’ लिहिलं. मग धुळ्यात येऊन एका पंधरा ते एकोणतीसला विचारलं, तर तो म्हणाला, रोज करतो, जिमला जातो. जिम त्याच्या घरापासून दोन गल्ल्या. कसा जातोस? मोटरसायकलने. त्याच्यापुढे ‘हो’.

“ताई, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत,” नाना म्हणायचे. “पण मग माझं डोकं का दुखतं?” मी त्यांना आल्याचा चहा द्यायचे. दुसरं मला काय येणार!

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे नानांच्या बायको. धुळ्याकडच्या. एरवी चारचौघांसारखं बोलायच्या, रागावल्या की थेट अहिराणीत जायच्या, म्हणून त्यांचा राग आम्हाला भाषेवरूनच कळायचा. उंच, खणखणीत, पदर खोचलेला. थंडीत भरीत पार्ट्या सुरू झाल्या की अक्कांना पाच-सहा शेतांवरून बोलावणं. शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची. ते ठेचणं अक्कांचं. दणका असा की शेजारच्या शेतातला गडी बघायला यायचा. नाना लांब खाटेवर बसून अभिमानाने सांगायचे, “जोरदार! आणि बघा, तोंडही चालू आहे. हिला माझे रकाने लागू पडत नाहीत.”

रिटायर झाल्यावर पहिले काही महिने मात्र नानाच बैठ्या रकान्यात गेले होते. तेव्हा ते गटबिट काही बोलतच नसत. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत नाना. दुपार व्हायची तरी अंघोळ नाही. कोणी हाक मारली तर हूं, नाही तर तेही नाही. मुलगी पुण्याला. ती फोनवर विचारायची, बाबा काय करताहेत? अक्का सांगायच्या, बसलेत. दुसऱ्या दिवशी विचारायची, काय करताहेत? बसलेत. अक्का एकदा माझ्याकडे येऊन डोळ्याला पदर लावून गेल्या. “वंदना, हा माणूस भिंत होऊन चालला गं,” म्हणाल्या.

आणि मग अक्काच पडल्या. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या होत्या. तुम्हाला माहीत नसतील तर सांगते, ज्वारीचे पापड. त्या उलटायला गेल्या आणि उतरताना शेवटच्या पायरीवरून पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्या दिवशी नाना खिडकीपासून जे उठले, ते परत बसले नाहीत. दवाखाना, औषधं, भाजी, पोळ्यावाली बाई, सगळं धावत. हाड सांधलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आता चाला. रोज थोडं थोडं. आत्ता नाही चाललात तर कायमची खाट धरावी लागेल.

अक्का उठल्याच नाहीत.

ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहायच्या. पुढे ते चार पायांचं चालायचं स्टँड. त्यावर नाना टॉवेल वाळत घालायला लागले, इतका त्याचा चालण्याशी संबंध सुटला. फिजिओथेरपीवाली मुलगी आली, दमून गेली. पुण्याहून लेक आली, रडून गेली. अक्का म्हणायच्या, “भीती वाटते. आणि उठून तरी काय करू? सगळं होतंच आहे.” संतापी बाई इतकी गरीब झाली की बघवेना. आम्हा सगळ्यांना एकच घोर, की यंदाची थंडी संपेपर्यंत अक्का उभ्या राहिल्या तर राहिल्या.

इथून पुढे नानांचं जे सुरू झालं, त्याने माझं डोकं पार भंजाळून गेलं.

एक दिवस बाजारात मला दिसले. भाजीवाल्या म्हातारीपुढे उकिडवे बसून विचारत होते, “आजी, तुम्ही साठ व पुढे ना? मग सांगा, आज पहिल्यांदा बसल्या जागेवरून कशासाठी उठलात?” म्हातारीने मेथीच्या जुड्या आपल्याकडे ओढून घेतल्या. तिला वाटलं, माणूस बोलण्यात गुंतवून माल उचलतो. मला मध्ये पडावं लागलं.

मग तर जो भेटेल त्याला तेच. बँकेच्या रांगेत, देवळाच्या ओट्यावर, दवाखान्याच्या बाकावर. कोपऱ्यावर सलीमचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. चाचा सत्तरीचे, दोघांची जुनी मैत्री. मी उशीचा कापूस पिंजायला दिला होता तो आणायला गेले, तर नाना तिथे ठाण मांडून.

“चाचा, नमाजचं नाही विचारत. इथून, गादीवरून, कशासाठी उठता?”

“अरे नानाभाई, उठना क्या है! पोरगा टाका लांब घालतो. मी ओरडतो, तो ऐकत नाही. मग उठतो आणि सुई हिसकावतो.”

“रोज?”

“रोजच चुकवतो ना तो.”

नाना एकदम उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, ऐकलंत? दवाखान्याच्या बाकावर नशिराबादच्या एक आजी भेटल्या, त्यांचंही हेच. सून दूध उतू घालते म्हणून उठतात.” चेहरा असा उजळलेला, की लॉटरी लागली असावी. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी कापूस घेऊन घरी आले.

त्यानंतर नाना बिघडले. म्हणजे घर बिघडवायला लागले. नोकरीत एक आकडा इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस, पण डाळीच्या डब्यात साखर भरायला लागला. अक्कांच्या साड्या भर उन्हात सुलट्या वाळत. तुळशीला पाणी नाही आणि निवडुंगाला बादलीभर. मी सकाळी विरजण मागायला गेले, तर गॅसवर दूध फसफसून वर येत होतं आणि नाना शेजारीच उभे राहून कॅलेंडर वाचत होते.

“अहो, दूध!” ओसरीतून अक्का म्हणाल्या.

नाना ढिम्म. मी धावले, तर त्यांनी हात आडवा घालून मला अडवलं. स्वतः उघड्या दाराआडून ओसरीत बघताहेत. दूध ओट्यावरून खाली, लादीवर, माझ्या पायापर्यंत. अक्कांनी ते बघितलं. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले, मला वाटलं आता उठतात. पण मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नानांनी गॅस बंद केला आणि फडकं घेऊन पुसायला बसले. मला तेव्हा त्यांचा असा राग आला! बाई आजारी आणि याला म्हातारपणी दुधाचे खेळ सुचताहेत.

“नाना, तुम्हाला काही होतंय का? डॉक्टरांना दाखवायचं का?” मी विचारलं.

“ताई, एक काम करा,” ते म्हणाले. “संध्याकाळी या आणि अक्कांसमोर आपल्या हिरव्या वांग्यांना नावं ठेवा.”

“काय?”

“म्हणा, जांभळी चांगली. का ते विचारू नका.”

गेले मी. काय करणार, शेजार पडला. म्हटलं, “अक्का, या हिरव्या वांग्यांत काही राम नाही बाई, जांभळ्याचं भरीत चांगलं होतं.” मागच्या वर्षी हे बोलले असते तर अक्कांनी मला फाटकाबाहेर काढून वर बडगी फेकली असती. त्या नुसतं म्हणाल्या, “असेल माय.” नाना आतल्या खोलीत गेले ते मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

माझ्या दिरांचं शेत असोद्याला. दर थंडीत तिथे आमची भरीत पार्टी असते. यंदा नाना स्वतः सांगायला आले. “अक्कांना गाडीतून नेऊ. खुर्चीसकट. आणि ताई, तुमचा मिक्सर घ्या बरोबर.”

“मिक्सर? शेतात?”

“विहिरीच्या मोटरपाशी लाईट आहे. मी लांब वायर घेतलीय.”

“नाना, शेतात मिक्सरचं काय काम?”

“वांगी फिरवायची.”

हे ऐकून सोफ्यावरून आमचे हे उठून उभे राहिले, यावरून काय ते समजा. भरताची वांगी मिक्सरमधून! खानदेशात असं बोललेलं दिरांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी वाटणीचं नव्याने काढलं असतं. पण नानांचा चेहरा बघितला आणि माझं नाही म्हणायचं राहून गेलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. म्हटलं, जाऊ दे, एकदाची याची हौस फिटू दे. मिक्सर जुन्या चादरीत गुंडाळून नेला, चोरीचा माल न्यावा तसा.

शेतात काड्यांचा जाळ झाला, वांगी भाजून झाली, सोलून झाली. अक्कांची खुर्ची निंबाखाली मांडलेली, पुढे टॉवेल काढून ठेवलेलं स्टँड. अक्का केळीच्या बागेकडे बघत होत्या, इकडे त्यांचं लक्षही नव्हतं. दीर बडगी धुऊन घेऊन आले, तर नाना म्हणाले, “ती राहू द्या,” आणि त्यांनी चादर सोडली.

दीर मिक्सरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. “वहिनी, हे काय?”

“मला नका विचारू,” मी म्हटलं. खरंच नका विचारू, मला तरी कुठे काय माहीत होतं!

नानांनी वायर जोडली. दोन वांगी भांड्यात टाकली, वर मिरच्या, वर लसूण, आणि बटण फिरवलं. घर्रर्र! झाडावरची पाखरं उडाली. पंगतीला आलेल्या बाया तोंडाला हात लावून उभ्या. नानांनी झाकण काढून भांडं वाकडं करून सगळ्यांना दाखवलं. आत हिरवट पातळ काहीतरी. पोटाला लावायचं औषध असावं असं.

“झालं!” नाना मोठ्याने म्हणाले. “दम लागला नाही, काही नाही. आता भरीत असंच करायचं.” आणि परत बटणाकडे हात.

“ओ!”

आवाज निंबाखालून आला. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. अक्कांनी स्टँड धरलं होतं.

“आसं भरीत करतस का?” त्या ओरडल्या. अहिराणीत! “बंद करा ते! डोकं फिरनं का तुमनं?” आणि बोलता बोलता उठल्या. एक पाऊल, स्टँड पुढे, दुसरं पाऊल. साडीचा काठ मातीतून ओढत, तोंडाने नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत अक्का निंबापासून चुलीपर्यंत चालत आल्या. कोणी हात द्यायला पुढे झालं तर त्यालाही दोन शब्द ऐकवले. चुलीपाशी पाट होता, माझ्या खांद्याला धरून त्यावर बसल्या आणि दिरांना म्हणाल्या, “बडगी दे आठे.”

आणि मग तो दणका. आधी मिरच्या, मग लसूण, मग वांगी. दम लागलेला, आणि तोंड चालूच.

मी नानांकडे बघितलं. ते मिक्सरची वायर गुंडाळत होते. गुंडाळायचे आणि सुटायची. परत गुंडाळायचे.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “साठच्या पुढे माणूस तब्येतीसाठी उठत नाही. मी किती जणांना विचारलं. दुसऱ्याचं चुकतंय, ते बघवत नाही, म्हणून उठतो. आमच्या कागदांवर हा प्रश्नच नव्हता हो.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दूध, साड्या, साखर, जांभळी वांगी. मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. शेवटी दोन्ही एकदम झालं आणि जावेने विचारलं, धूर गेला का डोळ्यांत? मी म्हटलं, हो.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. मी पण सगळ्यांना इथपर्यंतच सांगते. पण त्याच आठवड्यात अक्कांचा ब्लाऊज द्यायला मी त्यांच्याकडे गेले आणि परत गोंधळले.

नाना खिडकीपाशी बसले होते. तीच खुर्ची, तसेच, रिटायर झाल्यावरचे. मी हाक मारली तर हूं. स्वयंपाकघरात अक्का ओट्याला धरून चहा करत होत्या.

“बघ,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “मी उठले की हा बसतो. याचीच भीती होती मला.”

“म्हणजे?”

“अगं, महिना झाला, दुपारी हा बाहेर गेला की मी भिंतीला धरून चालते. जमतं हळूहळू. पण याच्यासमोर नाही उठले. मी बसलेय तोवर तो गावभर फिरतो, माणसांशी बोलतो, जेवतो. उठले तर हा परत भिंत होईल. त्या दिवशी शेतात तेवढं मिक्सरचं बघवलं नाही मला. ताबाच गेला.”

दूध उतू जाताना खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झालेले ते हात मला आठवले. अक्कांनी गॅस बारीक केला, भांड्यावर झाकण ठेवलं, चिमटा जागेवर लावला, आणि मग शेजारच्या स्टुलावर धप्पकन बसून हाक मारली, “अहो! पाय धरला हो माझा!”

नाना खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. धावत आले. तेल कुठे, गरम पाण्याची पिशवी कुठे, ताई जरा धरा. “आता दुसरं काहीतरी बघायला हवं,” असं स्वतःशी पुटपुटत पाय चोळून दिला, पेन खिशाला लावलं, बाजाराची पिशवी घेतली आणि सलीमचाचांकडे निघाले. मी त्यांच्याबरोबरच बाहेर पडले.

फाटकापाशी ते थांबले. मागे वळून घराकडे बघून घेतलं.

“ताई, तिला सांगू नका. मी मुद्दाम बसलो होतो.”

“काय?”

“मी बसलेला दिसलो की तिला काळजी लागते. काळजी लागली की उठते, चहा ठेवते, येऊन बघून जाते. भरताची पार्टी काय रोज असते का? म्हणून बसतो.”

माझी नजर खाली गेली. नाना घरात कधी चप्पल घालत नाहीत. अक्का घालूच देत नाहीत. पण आत्ता धावत आले तेव्हा चप्पल पायात होती. म्हणजे खुर्चीत बसले होते तेव्हाही असणार. केव्हाही उठून पळायच्या तयारीत बसलेला माणूस. की आधी खरंच बसले होते आणि आता मला असं सांगताहेत? त्यांचा चेहरा बघून काही पत्ता लागेना. ते निघालेसुद्धा, भराभर, रस्त्याच्या कडेने. मध्यम. मध्यमच म्हणायचं ना?

घरी आले. आमच्या ह्यांनी पेपर न खाली करता विचारलं, “कसे आहेत दोघं?”

“बरे आहेत,” मी म्हटलं. “एका वेळी एकच जण बसतो.”

“म्हणजे?”

“मला तरी कुठे कळलंय!”

मोटर सुरू करून मशीनवर बसले, पण शिवण काही सरकेना. मनात एकच यायला लागलं. समजा, एखाद्या दिवशी चुकून दोघंही एकदम बसले. मग? त्या घरात तिसरं कोणी नाही. लेक फोनवर विचारेल, काय करताय? आणि सांगायला उठून फोनपर्यंत जाणार कोण?

म्हणून मी ठरवलंय. उद्या सकाळी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे आणि अक्कांच्या डोळ्यांदेखत भाकरी थापायच्या ऐवजी लाटण्याने लाटणार आहे. आणि नाना खिडकीपाशी बसलेले दिसले, तर त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणार आहे, की माझा गट अजून तीस ते चव्वेचाळीसच आहे.